सौरदिवा बिघडला म्हणून उकिरड्यावर कशाला?



पूर्वी कंदिलाची काच तडकली तर बाजारातून नवी काच आणीत. वात संपली तर वात बदलीत. कंदील कोणी फेकून देत नसे. आता अंगणात, गोठ्यापाशी जमिनीत खोचायचे छोटे सौरदिवे आले आहेत. ते मात्र लागेनासे झाले की सरळ उकिरड्यावर जातात. मला हे मुळीच पटत नाही. माझे मत असे की, दिवा आधी उघडून पाहावा, मग काय ते ठरवावे.

या दिव्यात असते तरी काय? वर काळसर सौरपट्टी, आत एक सेल, एक एलईडी आणि नखाएवढे सर्किट. दिवसा पट्टी सेल भरते. अंधार पडला की पट्टीची वीज थांबते, ते सर्किटला कळते आणि दिवा लागतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, सेल तर बहुधा १.२ व्होल्टचा. व्होल्ट वाढवायचे कामही ते सर्किटच करते. म्हणजे बिघडायला जागा तरी किती? चार-पाच!

आमच्या घरचे दोन दिवे काकांनी आणि मी उघडले. एकाच्या पट्टीवर धूळ आणि कोंबड्यांची घाण बसली होती. ओल्या फडक्याने पुसली, झाले काम. दुसऱ्यात पावसाचे पाणी शिरून सेलच्या टोकांना गंज चढला होता. सेल काढून गंजाला लिंबाचा रस लावला, पॉलिश पेपरने घासले, कोरडे केले, नवा सेल घातला. दिवसभर उन्हात ठेवला. संध्याकाळी पट्टीवर हात धरताच दिवा लागला! आता आजी रात्री गोठ्यात जाते तेव्हा विंचूकाट्याची भीती कमी वाटते.

तुम्हीही आधी बटण चालू आहे का ते बघा. जवळ रस्त्याचा दिवा असेल तर सौरदिव्याला रात्रच कळत नाही, त्याची जागा बदला. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून दिवा लवकर विझतो. तो बिघाड नव्हे. तुटलेली तार मोठ्यांकडून डाग देऊन घ्या. सेल मात्र जुन्यावर लिहिले असेल त्याच जातीचा आणि तेवढ्याच व्होल्टचा आणा. घड्याळातला साधा पेन्सिल सेल घालू नका, तो पुन्हा भरायचा नसतो. काही दिव्यांत लिथियमचा सेल असतो. तो फुगलेला दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा.

काही जण म्हणतात, "नवा दिवा स्वस्तात मिळतो, कशाला एवढा खटाटोप?" पण नव्यातला सेलही वर्षा-दोन वर्षांत थकणारच. मग किती दिवे फेकायचे? शिवाय जुन्या काही सेलांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. उकिरड्याचे खत शेवटी आपल्याच शेतात जाते ना? सरकारच्या २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. तोवर आपण त्या शाळेत एका डब्यात कोरड्या जमवल्या तर काय हरकत आहे?

कारखानदारांनीही दिवे डिंकाने चिकटवू नयेत, स्क्रूने बंद करावेत. आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. बंद पडलेला दिवा आम्ही हातात घेतला की "ठेव तो, मोडशील!" असे ओरडू नका. बंद तर तो आधीच आहे. स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि जवळ बसा. मुलग्यांना द्या, तसा मुलींनाही द्या.

— इयत्ता ७ वी