आधी ब्रेक, मग दिवे

भाचीच्या निकाहसाठी आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, 2009 सालची सुमो. कुंभार्ली घाट अर्धा उतरलो आणि स्टिअरिंगवर बसलेले दीर हळूच म्हणाले, "भाभी, पेडल खाली जातंय."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्यांनी ती डोंगराच्या बाजूला उभी केली. अम्मींच्या हातातली तसबीह तेवढी चालू होती. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट! दीर म्हणाले, "झालं, ठीक आहे."

ठीक नव्हतं. चिपळूणच्या फिटर चाचांनी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत काळा चहा. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाशी ते तापतं, पाण्याची वाफ होते, बुडबुडे धरतात. पाय मग बुडबुडेच दाबतो, ब्रेक लागत नाही. गाडी थंड झाली की बुडबुडे जातात, म्हणून लोकही विसरून जातात. निघण्याआधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, पावतीवर 'ब्रेक चेक' लिहिलेलं. ऑइल नुसतं वरून भरलं होतं. ते दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरायचं असतं, आणि खर्च काही शे रुपयांचा.

घरी परतल्यावर खरी लढाई झाली. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. तेव्हा आता गाडी सजवावी, असं अकरावीतल्या चिरंजीवांचं मत. पुढे लोखंडी गार्ड, रुंद टायर, टपावर दिव्यांची पट्टी. मी सांगितलं, गार्डवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. धडकेचा मार त्यातून थेट चासीवर जातो आणि पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका. मोठ्या घेराचं चाक लावलं की काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. नोंदणीत लिहिलेली गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. चिरंजीव गप्प झाले. पटलं की नाही, अल्लाह जाणे.

टायर मात्र बदलले, मूळ मापाचेच. जुन्यांची नक्षी छान होती, पण बाजूला 1217 कोरलेलं, म्हणजे 2017 चा बारावा आठवडा. रबराला बारीक भेगा. मधल्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले होते, ते उपसून बाहेर काढले.

राहिली मागची आडवी सीट. मुलांची लाडकी, पण तिला पट्टाच नाही. तिथे आता सामान ठेवतो. नणंदबाई भडकल्या, "भाभी, मग माझी पोरं काय टपावर बसवू?"

परवा त्या एस.टी.नं आल्या.