चुकीची किंमत कोणी मोजायची?

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले, तेव्हाच्या घटना वाचकांच्या स्मरणात असतील. दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासी यांचा मोर्चा मुंबईच्या दिशेने निघाला होता, विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते, आणि अखेर राज्य सरकारने क्विंटलमागे प्रथम ३०० रुपये व नंतर त्यात ५० रुपयांची भर घालून ३५० रुपये अनुदान जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या दोन महिन्यांत विकलेल्या कांद्याला, दर शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार रुपये, अशी ही योजना होती. रक्कम मोठी नव्हती. पण ज्याच्या पदरी वाहतुकीचा खर्चही पडला नव्हता, त्याला ती आधाराची होती.

परंतु अनुदानाला एक अट होती. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद हवी. ही नोंद २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइलवरील योजनेने होते. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, ठरावीक मुदतीत ती करावयाची असते. हजारोंनी ती केलेली नव्हती. कोणाकडे तसा मोबाइल नव्हता, कोणाच्या शिवारात संपर्क मिळत नव्हता, आणि पुष्कळांना या नोंदीवर उद्या काही अवलंबून असेल याची कल्पनाच नव्हती. कांदा पिकला होता, लासलगाव-पिंपळगावच्या आवारात तो विकला गेला होता, विक्रीची पावती हाती होती. तरी सरकारच्या दृष्टीने तो कांदा लावलाच गेला नव्हता! बाजार समितीच्या दप्तराला जे ठाऊक होते, ते महसूल खात्याच्या दप्तराला ठाऊक नव्हते. ओरड झाल्यावर सरकारने मार्ग काढला: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या गावपातळीवरील समितीने खातरजमा करून दाखला द्यावा. तोवर शेत रिकामे झाले होते. तेव्हा समितीने काय पाहावे? तिने गावाला विचारावे, एवढाच मार्ग उरला. म्हणजे यंत्राने जे सांगितले नाही ते शेवटी माणसांच्या तोंडूनच मिळवावे लागले.

या अटीमागे कारण नव्हते असे नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्यांनी अनुदान उचलू नये, ही काळजी रास्तच होती. तथापि या प्रसंगाने जो प्रश्न उभा केला, तो कांद्यापुरता नाही. सरकारने संगणकाच्या साह्याने नोंदींचे प्रचंड भांडार उभे केले आहे. या भांडाराला आपण सरकारचे ज्ञान म्हणतो. ते खरोखर ज्ञान आहे काय, आणि त्यात चूक असल्यास तिची किंमत कोण मोजतो?

नोंद आणि ज्ञान

‘ज्ञान-व्यवस्थापन’ हा शब्द गेली तीस-पस्तीस वर्षे व्यवस्थापनशास्त्रात रूढ आहे. नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये त्याची विस्तृत मांडणी केली. तिचा गाभा असा की संस्थेचे बरेचसे ज्ञान कागदावर नसते, ते माणसांच्या अनुभवात मुरलेले असते. ते शब्दांत उतरवणे आणि पुन्हा नव्या माणसांच्या अंगवळणी पाडणे, यावर संस्थेचे यश अवलंबून असते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना याच्याही आधीचा, फ्रीड्रिक हायेक यांचा १९४५ मधील निबंध आठवेल. स्थळकाळाच्या विशिष्ट परिस्थितीचे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते एका कार्यालयात गोळा करता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा भरवसा बाजारभावावर होता. भाव हाच त्या विखुरलेल्या ज्ञानाचा सारांश, असे ते मानीत. परंतु २०२३ मध्ये भावानेच दगा दिला म्हणून तर सरकारला मध्ये पडावे लागले. जेथे बाजार अपुरा पडतो तेथे सरकारला स्वतः जाणून घ्यावेच लागते. ते टाळता येत नाही.

आपल्याकडे जाणून घेण्याची ही पद्धत जुनी आहे. सातबारा हा मुळात एक कागद नसून दोन नमुन्यांची जोड आहे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि त्यावर कोणाचे हक्क. गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत काय पिकले. ब्रिटिश अमदानीत सिद्ध झालेली ही गाव नमुन्यांची रचना महसूल खात्यातील कारकुनांच्या पिढ्यांनी अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेवरून आत्मसात केली. हंगामात तलाठ्याने शिवारात फिरून, गावकऱ्यांच्या समक्ष पिकांची नोंद घ्यावी, असा नियम होता. नियम नेहमी पाळला जात होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. घरबसल्या केलेल्या पीकपाहणीच्या कथा गावोगाव आहेत, आणि एका उताऱ्यासाठी सज्जावर घातलेल्या हेलपाट्यांच्याही. म्हणून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आज पंधरा रुपयांत घरी मिळतो, ही सामान्य माणसाची खरोखरीची सुटका आहे. ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण या बदलात एक गोष्ट नकळत घडली. पूर्वी नोंद चुकली तर चूक तलाठ्याची असे; निदान कोणाकडे बोट दाखवावे हे ठाऊक होते. आता नोंद करणारा शेतकरी स्वतःच असल्यामुळे न झालेल्या नोंदीचा दोषही त्याच्याच माथी आला. केलेली नोंद चुकल्यास ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा पुढे दिली गेली, उरलेल्या क्षेत्रासाठी सहायक नेमण्याची सोयही झाली. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. तथापि जबाबदारीचे ओझे सज्जाच्या टेबलावरून बांधावर सरकले, ही वस्तुस्थिती त्यांनी बदलत नाही.

द्राक्षांचा धडा

याच जिल्ह्यात दुसरे पीक आहे आणि त्याचा अनुभव निराळा आहे. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली. त्यानंतर अंशतपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६ पासून ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात-संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय यंत्रणा चालू केली. निर्यातीसाठीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, अधिकारी बागेची तपासणी करतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेते. आणि युरोपातील दुकानात ठेवलेली पेटी कोणत्या बागेतून आली हे मागे जाऊन शोधता येते.

ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात माल पुन्हा अडला आणि बागाईतदारांना जबर फटका बसला. ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते! जे यादीत नाही ते यंत्रणेला दिसत नाही, याचे याहून कडू उदाहरण शोधून सापडणार नाही. पण पुढे काय झाले हे महत्त्वाचे आहे. यादी बदलली, तपासणी बदलली आणि बागाईतदारांची फवारणीची सवयही बदलली. यंत्रणा शिकली.

कांद्याची नोंद आणि द्राक्षांची नोंद यांतील फरक संगणकाचा नाही. दोन्हीकडे संगणकच आहे. फरक चुकीच्या किमतीचा आहे. द्राक्षाची नोंद चुकली तर बागाईतदाराबरोबर निर्यातदार बुडतो, प्रयोगशाळेची मान्यता धोक्यात येते आणि देशाची बाजारपेठ जाते. म्हणून चूक शोधण्यात आणि सुधारण्यात सर्वांनाच स्वारस्य असते. कांद्याची नोंद चुकली तर फक्त शेतकऱ्याचे अनुदान बुडते. ज्या कार्यालयाने ती नोंद मागितली त्याचे काहीच जात नाही, उलट तिजोरीतील चार पैसे वाचतात. नोंद खरी राहावी असे वाटत असेल तर चुकीची झळ, ती दुरुस्त करू शकणाऱ्याला लागली पाहिजे. यंत्र कोणतेही असो, हा नियम टळत नाही.

कार्यालयाची स्मृती

हाच प्रश्न कार्यालयांच्या आतही आहे. महाराष्ट्रातील महसुली कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठे’ पद्धत परंपरेने चालत आली. कागदांची विल्हेवाट लावण्याची ती केवळ सोय नव्हती. त्यांतील एक गठ्ठा स्थायी आदेशांचा असे. शासनाने कोणत्या विषयावर केव्हा काय ठरवले, याचे ते संकलन. नवा कारकून त्यावरून काम शिके. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी पुनर्रचना केली आणि जी ‘लखिना पॅटर्न’ म्हणून नावाजली, तिच्याही मुळाशी हाच विचार होता: कागद हवा तेव्हा सापडला पाहिजे आणि टेबलावरचा माणूस बदलला तरी काम अडता कामा नये.

२००५ च्या बदल्यांच्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला. तेवढ्यात त्याला तालुका कळू लागतो आणि तो जातो. त्याच्या मागे धारिका राहते, निर्णयही राहतो; पण निर्णयामागचे कारण राहतेच असे नाही. संगणकावरची धारिका वेगाने सरकते, आणि तिच्यावरचा शेरा जर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढाच असेल, तर वेग वाढूनही कार्यालयाच्या शहाणपणात भर पडत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही निवृत्त होणाऱ्या कुशल कामगाराबरोबर यंत्राचे मर्म निघून जाते, तशीच ही गळती आहे. कारखान्याला ती उत्पादनातील घटीने लगेच कळते. सरकारी कचेरीला ती कळत नाही, कारण तिथले नुकसान खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे होते.

पुढचा टप्पा अधिक नाजूक

हा विचार आताच करण्याचे कारण आहे. शेतकरी ओळख क्रमांकाची योजना राज्यात लागू झाली असून एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो क्रमांक सक्तीचा झाला आहे. जमीन, पीक आणि लाभ हे सारे एका क्रमांकाशी जोडले जात आहे. यामुळे कागदपत्रांचे भेंडोळे दर वेळी सादर करण्याचा त्रास वाचेल, बनावट लाभार्थी वगळता येतील; हे लाभ उघड आहेत. पण सुटे दप्तर होते तोवर एका दप्तरातील चूक त्याच दप्तरात राहत असे. जोडलेल्या दप्तरांत एक चूक सर्वत्र पसरते. अनुदान, विमा, नुकसानभरपाई यांची दारे एकदमच बंद होऊ शकतात. सुरगाणा-पेठच्या डोंगरी गावांत वनहक्काची जमीन पिढ्यानुपिढ्या कसणाऱ्यांचा प्रश्न तर चुकीच्याही पलीकडचा आहे. त्या जमिनीचा सातबारा कसणाऱ्याच्या नावाने व्हावा, ही २०१८ आणि २०२३ या दोन्ही मोर्च्यांची मागणी होती. ज्याचे नाव मुळातच योग्य रकान्यात नाही, त्याला क्रमांकाने कोणती ओळख मिळणार?

उपाय अवघड नाहीत आणि त्यांतील काही आपल्याकडे करून झालेले आहेत. २०१७ मध्ये हस्तलिखित आणि संगणकीय सातबाऱ्यांचा मेळ घालण्यासाठी गावोगाव चावडीवाचन झाले. उतारे गावासमोर वाचले गेले आणि चुका गावाने दाखवल्या. एका पिढीतून एकदा करण्याऐवजी पीकनोंदींचे असे वाचन दर हंगामात, पीक शेतात उभे असताना ग्रामसभेत झाले, तर २०२३ चा पेच बहुतांशी टळेल. दुसरे, पीकनोंदीतील चुकीची दुरुस्ती ही मुदतीत मिळावयाची सेवा मानली जावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहेच. तिचा धाक या कामालाही लागू व्हावा. तिसरे, केवळ एका नोंदीच्या अभावी कोणताही लाभ नाकारला जाऊ नये. बाजार समितीची पावती अथवा ग्रामसभेची साक्ष यांसारखा पर्यायी पुरावा योजना जाहीर करतानाच मान्य करावा, मोर्चा निघाल्यावर नव्हे. चौथे, प्रत्येक नकाराचे कारण एका वाक्यात का होईना लिहिले जावे आणि ती कारणे वर्षातून एकदा तालुक्याच्या कचेरीत एकत्र वाचली जावीत. कोणत्या अटीवर माणसे सारखी अडखळतात हे त्यातून समजेल. जुन्या स्थायी आदेशांच्या गठ्ठ्याचे तेच खरे आधुनिक रूप होईल.

या सर्वांना मनुष्यबळ लागेल, खर्च लागेल, हा आक्षेप येणार. तो खोटा नाही. परंतु हा खर्च आजही होतोच आहे. तो शेतकऱ्याच्या बुडालेल्या रोजांत, एस.टी.च्या तिकिटांत आणि न मिळालेल्या अनुदानात होतो. सरकारच्या हिशेबात तो दिसत नाही, इतकेच. किती उतारे उतरवून घेतले गेले याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. किती चुका आढळल्या आणि त्या दुरुस्त होण्यास किती दिवस लागले, हेही आकडे तालुकावार प्रसिद्ध व्हावेत. सरकारला किती माहीत आहे याची परीक्षा त्याच आकड्यांनी होईल.