विहारात एक गिटार हवी

भीमजयंतीची वर्गणी गोळा होऊ लागली की वस्तीत पहिला विषय डीजेचा निघतो. बॉक्स किती, कोणत्या गावचा आणायचा, भाडे किती पडेल. एवढ्या पैशातून आपल्या पोरापोरींच्या हाताला काय लागले, हे मात्र बैठकीत कोणी विचारत नाही. हा प्रश्न आरोग्याच्या पानावर मांडत आहे, कारण तो कानाचा आहे, मनाचा आहे आणि हातांचाही आहे. माझे मत असे की वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून चांदूर रेल्वेतल्या प्रत्येक विहारात एक साधी गिटार ठेवावी आणि ज्याला शिकायची असेल त्याला ती रोज पंधरा मिनिटे वाजवू द्यावी.

आधी कानाचे बघू. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत कान सोसतो, असे मानले जाते. त्यानंतर दर तीन डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे, आणि डीजेच्या बॉक्ससमोर आवाज सहज त्याच्या वर जातो. आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शीळ वाजत राहते, ती याचीच सूचना असते. लहान लेकरू बॉक्सजवळ खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापाने हे ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, "गिटार वाजवून पोट भरते काय गा? आधी पोलीस भरतीचा अभ्यास कर म्हणा." पोट गिटारने भरत नाही, हे मान्य. पण भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी आपली मुले दिवसभर पुस्तकात आणि उरलेला वेळ मोबाईलवर काढतात. निकाल लांबतो, वय सरकते, घरात बोलणी बसतात. अशा मुलाला दिवसातून एक गोष्ट तरी अशी हवी, जी कालपेक्षा आज थोडी बरी आली, हे त्याला स्वतःला ऐकू येते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे वाद्य आपले नाही. आपली गाणी ढोलकी, पेटी आणि तुणतुण्यावरची. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी याच वाद्यांच्या साथीने गावोगाव पोहोचवली. आपल्याच जिल्ह्यातल्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावे जागवली. हा वारसा मोठा आहेच. पण बाबासाहेबांनी मोठ्या वयात, एवढ्या कामाच्या धबडग्यात, शिकायला घेतले ते व्हायोलिन. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ते आजही ठेवलेले आहे. ज्याने शिकले त्याचे वाद्य. आणि ज्याने तुणतुण्याची तार पिळून सूर चढवला, त्याला गिटारची खुंटी परकी वाटायचे कारण नाही.

शिकवणीसाठी अमरावतीला जाणे-येणे सगळ्यांना परवडत नाही. पण सुरुवातीचे पाच स्वर विहारातल्या पेटीवरही शिकता येतात. गिटारला सहा तारा असतात. सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. पेटीवर पांढरी एक हा सा धरा. मग पहिली तार पांढरी तीनला जुळवा, दुसरी पांढरी सातला, तिसरी पांढरी पाचला, चौथी पांढरी दोनला, पाचवी पांढरी सहाला आणि सहावी पुन्हा पांढरी तीनला, पण पहिलीपेक्षा दोन सप्तके खाली. सप्तक चुकून तार वरच्या सुराला ओढाल तर ती तुटेल. शंका आली तर मोबाईलवर तार जुळवायचे फुकट ॲप मिळते, ते लावा.

दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, आपण पडदे म्हणू. दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याला तर्जनी दाबली की सा. त्याच तारेवर तिसऱ्या पडद्याला अनामिका, तो रे. पहिली तार मोकळी छेडली की ग. तिच्या पहिल्या पडद्याला म, तिसऱ्याला प. दुसरा पडदा सध्या सोडायचा, कारण तो तीव्र मध्यम आहे. झाले पाच स्वर, दोन तारांत. पहिला पंधरवडा एवढेच, सावकाश, वर आणि खाली.

बहुतेक जण इथेच सोडून देतात, कारण बोटे दुखतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोके चुरचुरणार. नंतर कातडी घट्ट होते आणि त्रास थांबतो. कापूस वेचणाऱ्या, विटा वाहणाऱ्या हातांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्रास कमी करायचे उपायही आहेत. बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याला चिकटून, त्याच्या किंचित मागे ठेवा, मग कमी जोर लागतो. अंगठा दांडीच्या मागे सैल असू द्या, मनगट फार मुडपू नका, डाव्या हाताची नखे कापलेली ठेवा. जुनी गिटार घेताना तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, हे पाहून घ्या. उंच तारांनी भल्याभल्यांचे शिकणे मोडले आहे, आणि दुकानात त्या खाली करून मिळतात. नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली तर बोटांना आणखी मऊ. गंजलेली तार बोट कापते, ती बदला. आणि गिटार तापत्या टिनाखाली टांगू नका, आपल्या वैशाखात लाकूड वाकते आणि सरस सुटतो.

बोटाच्या टोकाची चुरचुर वेगळी आणि हाताला मुंग्या येणे, बधिरपणा, मनगटापासून कोपरापर्यंत कळ येणे वेगळे. असे झाले तर थांबा, दोन-तीन दिवस विश्रांती द्या. तरीही राहिले तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मधुमेह असलेल्यांनी वाजवून झाल्यावर बोटे रोज पाहावीत, कारण त्यांना जखम झालेली कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही.

पंधरा मिनिटेच का, याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. सोण नावाच्या भिक्खूने चालत ध्यान करण्याचा इतका अतिरेक केला की त्याच्या तळपायांतून रक्त आले आणि तो निराश होऊन घरी परतायचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांबद्दलच विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर? दोन्ही वेळा त्याने नाही म्हटले आणि आपल्या प्रयत्नांचेही तेच आहे, हे त्याला उमगले. पहिल्या दिवशी चार तास वाजवून बोटे सोलून घेणारा मुलगा आठव्या दिवशी गिटार खुंटीला टांगतो. "पाहू सवडीने" म्हणणाऱ्याच्या हातात ती कधी येतच नाही. रोज थोडे करणारा तीन महिन्यांत एक साधी चाल वाजवतो.

गिटार हे औषध नाही, हेही सांगितले पाहिजे. झोप उडाली, जेवण नकोसे झाले आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकले, किंवा जगणे नको वाटू लागले, तर त्या मुलाला "गाणे वाजव, बरे वाटेल" एवढे सांगून सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

शेवटी व्यवस्थेचे. गिटार विहारात राहील, वहीत नाव लिहून पाळीने मिळेल. पेटी वाजवणाऱ्या जाणत्याने स्वर जुळवून द्यावेत. संध्याकाळची एक वेळ फक्त मुलींची आणि बायांची राखावी, नाही तर ती पोरांच्याच हातात राहील. ज्या माउलीला पहाटेपासून रात्रीपर्यंत बसायला मिळत नाही, तिला पंधरा मिनिटे मांडी घालून स्वतःसाठी बसता आले, तर तेही आरोग्यच आहे. घरच्यांनी तेवढा वेळ चूल सांभाळावी.

डीजे एका रात्रीत वाजतो आणि निघून जातो. एका रात्रीचे दोन बॉक्स कमी केले तरी गिटारचे काम भागेल. यंदाच्या वर्गणीच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि पुढच्या जयंतीला आपल्याच वस्तीतल्या चार पोरापोरींना पाच स्वर वाजवायला मंचावर बोलवा.