मत्स्यपेटीतले शेजारी

कर्जत-खालापूरपासून समुद्र दूर. तरी मुले समुद्री माशांची पेटी मागतात. पालकांना आमचे सांगणे एवढेच : रंग पाहून नव्हे, स्वभाव पाहून मासे निवडा. २०० लिटरच्या पेटीत क्लाऊनफिशची एकच जोडी ठेवावी. दुसरी आली की मारामारी. डॅमसेल काटक पण भांडखोर, म्हणून सर्वांत शेवटी सोडावा. लायनफिश लहान शेजाऱ्यांना गिळतो. टँगला एवढी जागा अपुरी.

लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ७ किलो समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे चालत नाही. घाण पचवणारे जिवाणू वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात; तोवर मासे आणू नयेत. हा खर्च पगारात बसत नसेल तर गोड्या पाण्यातले गप्पी पाळा. हौस भागेल, मुक्या जिवांचे हालही टळतील.