जीव, आत्मा आणि परक्याचें दुःख

'जीव' आणि 'आत्मा' हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं सर्रास योजतों. इंग्रजीच्या तासाला 'सोल' व 'स्पिरिट' या दोहोंसही विद्यार्थी 'आत्मा' हाच प्रतिशब्द देतात. परंतु पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें पहिलें पत्र मराठींत वाचलें, तर शेवटच्या अध्यायांत आत्मा, जीव व शरीर हीं तीन निरनिराळीं सांगितलेलीं आढळतात. या भेदाविषयीं टीकाकारांचें एकमत नाहीं हें खरें; तथापि दुसऱ्याचें दुःख कसें जाणावें, हें समजण्यास तो फार उपयोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

इब्री भाषेंत जिवास 'नेफेश' म्हणतात. भूक, तहान, भय, माया हीं सर्व जिवाचीं. आपली भाषाही तेंच सांगते. आई लेंकराला जीव लावते. तें उपाशी निजलें कीं तिचा जीव तुटतो. आत्म्यास इब्रींत 'रूआह' म्हणतात. वाऱ्यासही तोच शब्द आहे. आणि वारा कोणा एका घरचा होऊन राहत नाहीं.

निर्गमाच्या 23 व्या अध्यायांत परक्यावर जुलूम न करण्याचें कारण असें दिलें आहे कीं, मिसर देशांत स्वतः परके राहिलेल्या इस्राएलांस परक्याचें अंतर्याम ठाऊक आहे. तेथें मूळ शब्द 'नेफेश' हाच आहे. म्हणजे सहानुभूतीचें मूळ जिवांत आहे. ज्यानें सोसलें, त्यास कळतें. परंतु सोसलेला मनुष्य कधीं कधीं अधिकच कठोर होतो. 'आम्हीं सोसलें, आतां तुम्ही सोसा,' असें तो म्हणतो. जीव जाणतो खरा, पण आपल्या माणसांपाशींच घुटमळतो. त्यास उंबरठ्याबाहेर नेणारा तो आत्मा.

याचें उदाहरण आपल्या दौंड तालुक्यांतच, केडगांवीं आहे. पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण गमावलीं. भुकेची ओळख त्यांच्या जिवास पुरती होती. पुढें 1896-97 च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें खंगलेल्या मुली व बालविधवा घेऊन आल्या. त्या मुली त्यांच्या नात्याच्या नव्हत्या, गांवच्याही नव्हत्या. त्यांना आश्रय देतां देतां केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. पुढें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनीं पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. 1922 सालीं त्या निवर्तल्यावर, 1924 सालीं तें प्रसिद्ध झालें.

आजही परके आपल्या दारीं येतात. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर शिरूर व दौंड तालुक्यांत येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणून मोजतात. कित्येकांचीं मुलेंही बरोबर येतात. त्यांची गांवची शाळा अर्ध्यावर सुटते. आपल्या उंसाचें गाळप वेळेवर होतें, तें यांच्या हातांवर. तरी 'चार महिन्यांचे पाहुणे' म्हणून त्यांजकडे पाठ फिरवणें आपणांस सोपें जातें.

कोणी विद्यार्थी विचारील, 'आम्हीं कधीं घर सोडलें नाहीं; परक्याचा जीव आम्हांस कसा कळावा?' त्यास आमचें उत्तर असें कीं, न सोसलेलें दुःख विचारल्यावांचून कळत नाहीं. म्हणून विचारावें आणि सांगेल तें ऐकावें. जेथें आपला जीव कधीं गेला नाहीं, तेथें आत्मा जाऊं शकतो. मात्र आपण त्याची वाट अडवूं नये. पालकांसही आमची विनंति आहे कीं, 'त्या मुलांत मिसळूं नको' हें वाक्य त्यांनीं घरांत उच्चारूं नये. मुलांचा आत्मा मोकळा असतो. त्यास कुंपण घालणें आपणच शिकवितों.

यंदाच्या हंगामांत असें एखादें मूल आपल्या वर्गांत आलें, तर त्यास बाकावर जागा द्यावी, डब्यांतली भाकरी द्यावी. आणि त्याच्याही आधीं त्याचें नांव विचारून त्या नांवानें हांक मारावी. ज्याच्या आईबापांस 'कोयता' म्हणून मोजतात, त्याला नांवाचें मोल आपल्याहून अधिक असतें.