टोंटोच्या मुखवट्यामागचा माणूस

नोकराची भूमिका करणारा नट स्वतः नोकर ठरतो काय? मालकाच्या वाड्यात भाकरी कमावणाऱ्या आपल्या माणसाला समाजाने कोणत्या मापाने मोजायचे? चळवळीत हा वाद नवा नाही. कोणी प्रस्थापितांच्या पंगतीला जाऊन बसला की आपण त्याला विकला गेलेला ठरवून मोकळे होतो. तोच माणूस त्या पंगतीत नाव कमावू लागला की त्याची मिरवणूक काढायलाही आपण कमी करत नाही. हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. उत्तर अमेरिकेतील एका मूलनिवासी नटाचे आयुष्य या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव जे सिल्व्हरहील्स.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ग्रँड नदीच्या काठी ‘सिक्स नेशन्स’ ही सहा मूलनिवासी राष्ट्रांची वस्ती आहे. तेथे २६ मे १९१२ रोजी मोहॉक कुळात त्याचा जन्म झाला. कागदोपत्री नाव हॅरॉल्ड स्मिथ. हे इंग्रजी नाव काय किंवा ‘इंडियन’ हा शब्द काय, दोन्ही बाहेरून लादलेले. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तेथल्या माणसांना ‘इंडियन’ म्हणू लागला. चूक त्याची, पण तिचे ओझे पाचशे वर्षे त्या माणसांनी वाहिले.

ज्या जमिनीवर हॅरॉल्ड जन्मला तिचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढल्याबद्दल या राष्ट्रांना १७८४ साली ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरची सुमारे साडेनऊ लाख एकर जमीन देण्यात आली. आज त्यातली पाच टक्केही त्यांच्या हाती उरलेली नाही. १९२३ साली त्यांचा एक पुढारी, कायुगा राष्ट्राचा डेस्काहे, जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या दारात न्याय मागायला गेला. त्याला कोणी दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी कॅनडा सरकारने त्यांची परंपरागत पंचायत मोडीत काढली आणि आपल्या कायद्याप्रमाणे नवी नेमली. त्या वेळी हॅरॉल्ड बारा वर्षांचा होता. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात याच कॅनडाच्या सैन्यात अधिकारी म्हणून लढले होते. बाप ज्या देशासाठी लढला त्याच देशाने त्याच्या माणसांचा कारभार काढून घेतला! कॅनडातील नोंदणीकृत मूलनिवासींना संसदेच्या निवडणुकीत बिनशर्त मताधिकार मिळायला १९६० साल उजाडावे लागले. तोवर हा मुलगा टोंटो म्हणून घराघरात पोहोचून, ती मालिका संपूनही गेली होती.

त्याला घराबाहेर काढले ते खेळाने. काठीच्या टोकाला विणलेल्या जाळीत चेंडू झेलायचा आणि धावत प्रतिपक्षाच्या गोलात मारायचा, असा लॅक्रोस हा खेळ मूळ याच लोकांचा. हॅरॉल्ड त्यात तरबेज होता. त्याच्या पायांच्या चपळाईवरून त्याला ‘सिल्व्हरहील्स’, म्हणजे चांदीच्या टाचांचा, असे टोपणनाव पडले. तो मुष्टियोद्धाही होता. १९३७च्या सुमारास लॅक्रोसच्या संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेला असता जो ब्राऊन या विनोदी नटाने त्याला चित्रपटात नशीब अजमावण्याचा सल्ला दिला. सुरुवात झाली ती गर्दीतला एक चेहरा म्हणून. घोड्यावरून पडायचे, गोळी लागून मरायचे, नायकाच्या वाट्याच्या जोखमीच्या उड्या स्वतः मारायच्या. दहा वर्षे हेच काम केल्यावर कुठे त्याला बोलायला वाक्ये मिळू लागली. १९४८च्या ‘की लार्गो’ या गाजलेल्या चित्रपटात त्याला छोटी भूमिका मिळाली.

त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कामाची वाटणी कशी होती, हे पाहायचे तर १९५०चा ‘ब्रोकन ॲरो’ पाहावा. मूलनिवासींकडे सहानुभूतीने पाहणारा चित्रपट म्हणून त्याची वाखाणणी झाली. त्यात अपाची जमातीचा शहाणा, तह करणारा नेता कोचीस याची मोठी भूमिका आहे. ती केली जेफ चँडलर या न्यूयॉर्कच्या गोऱ्या नटाने, तोंडाला रंग फासून. त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. चित्रपटातल्या अपाची तरुणीची भूमिकाही गोऱ्या नटीने केली. आणि तह नाकारून निघून जाणारा बंडखोर जेरोनिमो? ती भूमिका खऱ्या मूलनिवासी सिल्व्हरहील्सला. चांगला इंडियन गोऱ्याने करायचा, ‘वाईट’ इंडियन इंडियनाने करायचा, अशी ही न्यायबुद्धी! पुढे १९५२ आणि १९५६ साली आणखी दोन चित्रपटांत तो पुन्हा जेरोनिमोच झाला. आमच्या मते इतिहासात जेरोनिमो हा काही खलनायक नव्हता. आपल्या भूमीसाठी तो लढला. पण पटकथा लिहिणारा हात दुसऱ्याचा असला की लढणारा खल ठरतो आणि हत्यार खाली ठेवणारा थोर ठरतो.

सिल्व्हरहील्सला जगभर नाव मिळाले ते ‘द लोन रेंजर’ या मालिकेमुळे. ही कथा आधी रेडिओवर आली. डेट्रॉईटच्या केंद्रावरून १९३३ साली तिचे प्रसारण सुरू झाले. मुखवटा घालून, पांढऱ्या घोड्यावर बसून गुन्हेगारांचा पाठलाग करणारा एक गोरा वीर, अशी ती कथा. मग त्यात टोंटो हा इंडियन साथीदार का आला? कारण अगदी साधे आहे. रेडिओवर नायक एकटाच घोडा दौडवत राहिला तर श्रोत्यांना कळणार काय? त्याला बोलायला कोणीतरी हवे होते. म्हणून टोंटोचा जन्म झाला. रेडिओवर त्याचा आवाज कित्येक वर्षे एका गोऱ्या नटाने दिला. नावही कसे, तर स्पॅनिश भाषेत ‘टोंटो’ म्हणजे मूर्ख.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी एबीसी वाहिनीवर ही मालिका दिसू लागली आणि टोंटो झाला जे सिल्व्हरहील्स. १९५७पर्यंत २२१ भाग झाले. १९५६ आणि १९५८ साली दोन चित्रपटही निघाले. अमेरिकन दूरदर्शनवर वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा दिसणाऱ्या पहिल्या मूलनिवासी नटांपैकी तो एक होता. मधल्या काळात मुखवट्याआडचा गोरा नट बदलला. क्लेटन मूर जाऊन जॉन हार्ट आला, ५२ भागांनंतर पुन्हा मूर आला. टोंटो मात्र बदलला नाही. तरीही मालिकेचे नाव मुखवट्याचे, टोंटोचे नव्हे.

आता त्या भूमिकेत काय होते ते पाहू. कथेच्या आरंभी दरोडेखोरांनी सहा शिपाई गोळ्या घालून पाडलेले असतात. त्यातला एकच जिवंत असतो. त्याला शोधून काढतो, त्याच्या जखमा बांधतो आणि त्याला उभा करतो तो टोंटो. म्हणजे नायक जिवंत आहे तो याच्यामुळे. पण पुढे आयुष्यभर हुकूम कोणाचा? वाचवलेल्याचा. वाचवणारा बातमी काढायला गावात जातो, तेथे मार खातो, घोडे सांभाळतो. आणि बोलतो कसा? ‘मी जातो’ असे त्याला म्हणू दिलेले नाही. त्याच्या तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी घातली. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘मला जाणे, मला बघणे’ अशा धाटणीची. हा नट खासगीत उत्तम, स्वच्छ इंग्रजी बोलत असे. तुटकी भाषा त्याची नव्हती, लेखकाची होती. माणसाला मुका ठेवण्यापेक्षा हा प्रकार अधिक पाताळयंत्री आहे. त्याला बोलू द्यायचे, पण बोलला की हसू येईल असे बोलू द्यायचे. मग वर्षानुवर्षे ते ऐकणारी लहान मुले मोठी होतात आणि या लोकांना एवढेच बोलता येते असे धरून चालतात.

साहजिकच पुढची पिढी संतापली. १९६८ साली मिनियापोलिसमध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट उभी राहिली. १९६९च्या नोव्हेंबरात मूलनिवासी तरुणांनी आल्कट्राझ बेटाचा ताबा घेतला आणि दीड वर्षाहून अधिक काळ तो सोडला नाही. या तरुणांच्या तोंडी ‘टोंटो’ ही शिवी झाली. गोऱ्यांच्या मागे मान डोलावत फिरणारा, तो टोंटो. त्यांचा राग खोटा नव्हता. त्या प्रतिमेने एका संपूर्ण समाजाचे नुकसान केले होते, हे नाकारता येत नाही. आम्हीही ते नाकारत नाही.

पण त्याच दशकात हा नट काय करत होता, तेही पाहिले पाहिजे. निर्मात्यांना विचारले की इंडियनांच्या भूमिका इंडियनांना का देत नाही, तर ठरलेले उत्तर येई: तयार, शिकलेले नट मिळत नाहीत. हे उत्तर वाचकांच्या ओळखीचे असेल. ‘लायक उमेदवार मिळाला नाही’ हे वाक्य जगातल्या सगळ्या बंद दारांवर एकाच अक्षरात लिहिलेले असते. सिल्व्हरहील्सने या उत्तराशी नुसता वाद घातला नाही. १९६०च्या दशकात त्याने लॉस एंजेलिसमध्ये ‘इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप’ ही मूलनिवासी नटांची शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. नट मिळत नाहीत म्हणता? हे घ्या, आम्ही तयार करतो! मालिका बंद झाल्यावर त्याला स्वतःला कामे कमी झाली होती. जाहिरातीत टोंटो, १९७०च्या एका विनोदी चित्रपटात पुन्हा टोंटो, असे त्याचे चालले होते. अशा वेळी त्याने आपल्या स्पर्धेत उतरतील अशी माणसे तयार करायला घेतली. विकला गेलेला माणूस हे करत नाही.

या शाळेची गरज किती होती हे एका उदाहरणाने कळते. १९७१ साली अमेरिकेत प्रदूषणाविरुद्ध एक जाहिरात गाजली. कचरा पाहून एका इंडियनाच्या गालावर अश्रू ओघळतो, अशी ती जाहिरात. त्या नटाचे नाव आयर्न आईज कोडी. देशभर ‘खरा इंडियन’ म्हणून त्याचा चेहरा पोहोचला. १९९६ साली उघड झाले की तो लुईझियानात जन्मलेला, सिसिलीहून आलेल्या इटालियन आईबापांचा मुलगा होता. म्हणजे देशाला इंडियनाचे अश्रू हवे होते, ते ढाळणारा इंडियनच हवा अशी कोणाची अट नव्हती.

सिल्व्हरहील्सला आपली भूमिका काय आहे याची पुरती जाण होती. १९६९ साली जॉनी कार्सनच्या लोकप्रिय कार्यक्रमात तो टोंटो होऊन आला. नोकरीच्या मुलाखतीचा तो विनोदी प्रवेश होता. तीस वर्षे मालकाची शिकार केली, स्वयंपाक केला, कपडे शिवले, रात्र रात्र जागून पहारा दिला, जीव धोक्यात घातला, असा पाढा त्याने तुटक्या भाषेतच वाचला. लोक खो खो हसले. पण त्या हसण्यात नोकराने मालकासमोर हिशेबाची वही उघडली होती. ज्या भाषेने त्याला बावळट ठरवले, तीच त्याने हत्यार म्हणून वापरली.

१९७९ साली हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसवण्यात आला. तोवर पक्षाघाताने त्याची प्रकृती ढासळली होती. ५ मार्च १९८० रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी परत नेण्यात आल्या त्या ग्रँड नदीकाठी, सिक्स नेशन्सच्या मातीत.

याच वस्तीत १९५२ साली ग्रॅहम ग्रीन जन्मला. ‘डान्सेस विथ वुल्व्ज’मधील भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो वारला. गॅरी फार्मर हा नटही इथलाच. फार्मरने ज्यात काम केले तो १९९८चा ‘स्मोक सिग्नल्स’ मूलनिवासींनीच लिहिला आणि दिग्दर्शित केला. २०२१ ते २०२३ या काळात आलेल्या ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’ या मालिकेचे लेखक आणि दिग्दर्शक मूलनिवासीच होते. तेथे कोणी तुटके बोलत नाही, आणि कोणा गोऱ्या नायकाला बोलायला सोबत हवी म्हणूनही कोणी जन्मलेले नाही.

म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र कोणी समजू नये. २०१३ साली ‘द लोन रेंजर’ नव्याने आला. सिल्व्हरहील्सच्या मृत्यूला ३३ वर्षे झाली होती, तयार मूलनिवासी नटांची रांग उभी होती. टोंटो कोण झाला? जॉनी डेप. पुन्हा तोंडाला रंग, पुन्हा तुटकी भाषा. भूमिका मोठी झाली, मोबदला मोठा झाला, आणि ती मूलनिवासीच्या हातून गेली! टोंटो सांगकाम्या होता तोवर मूलनिवासी चालला. टोंटो चित्रपटाचा तारा झाला तेव्हा तो चालेनासा झाला.

तेव्हा आपला निवाडा काय? टोंटोला आम्ही माफ करत नाही. त्या भूमिकेच्या मागे जी लेखणी आणि जी थैली होती तिला तर मुळीच नाही. पण टोंटो म्हणजे जे सिल्व्हरहील्स नव्हे. मालकाच्या वाड्यात शिरलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच आहे. आत गेल्यावर त्याने दार लावून घेतले, की मागून येणाऱ्यांसाठी ते पायाने अडवून धरले? सिल्व्हरहील्सने ते अडवून धरले. त्याच्या तोंडची वाक्ये दुसऱ्याची होती, पण त्याने काढलेली शाळा त्याची स्वतःची होती. आपल्यापैकी जे कोणी आज मोठ्या वाहिन्यांत, वर्तमानपत्रांत, नाटक-सिनेमात पोहोचले आहेत त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि आपण बाहेर उभे असलेल्यांनी त्यांना शिवी देण्याआधी किंवा हार घालण्याआधी त्यांच्या पायाकडे पाहावे. तो दारात आहे काय?