घरी भरलेले काडतूस : बचत कोणाची, किंमत कोणाची?

१/
१८७० चे दशक, अमेरिकेतील कॅन्सस आणि टेक्ससची गवताळ मैदाने. दिवसभर बायसनची शिकार करून तळावर परतलेला शिकारी संध्याकाळी शिसे वितळवून गोळ्या ओततो आणि दिवसा उडवलेली काडतुसे पुन्हा भरतो. काटकसर व स्वावलंबन यांचे प्रतीक म्हणून हे दृश्य आजही रंगवले जाते. हा उद्योग वेळ आणि पैसा या दोन्हींच्या हिशेबात परवडत होता का?

२/
काडतुसाचे घटक चार : पितळी नळी, दारू, शिशाची गोळी आणि ठिणगी देणारी टोपी. बार उडाला की दारू जळते, गोळी निघून जाते, टोपी निकामी होते. नळी मात्र शाबूत राहते. आणि घडवायला सर्वांत कठीण वस्तू तीच. ती पुन्हा वापरणे, हे या साऱ्या बचतीचे मूळ.

३/
पूर्वीच्या अनेक काडतुसांत स्फोटक मिश्रण नळीच्या कडेतच भरलेले असे. एकदा कड चेपली की नळी वाया. १८६६ च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी मध्यभागी बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या टोप्या सिद्ध केल्या. गंमत अशी की पुढे अमेरिकेत इंग्रजाची रचना रुजली आणि युरोपात अमेरिकनाची!

४/
आता हिशेब. १८७३ च्या .४५-७० काडतुसात ७० ग्रेन दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी असे. एका पौंडात ७,००० ग्रेन. म्हणजे १०० बारांसाठी एक पौंड दारू, सुमारे सहा पौंड शिसे आणि १०० टोप्या. नळ्या जुन्याच. रोज डझनावारी बार काढणाऱ्याला ही बचत लहान नव्हती.

५/
वेळेचे काय? जुन्या टोप्या काढणे, दारूच्या काजळीने पितळ खराब होऊ नये म्हणून नळ्या धुणे, गोळ्या ओतणे, दारू मापून भरणे : काम किचकट होते. परंतु दिवसाची शिकार किती, हे बहुधा कातडी सोलणाऱ्यांच्या वेगावर ठरे. त्यामुळे शिकाऱ्याच्या संध्याकाळची बाजारातील किंमत जवळजवळ शून्य होती.

६/
वर्षाकाठी मोजकेच बार काढणाऱ्या शेतकऱ्याचे गणित याच्या उलट. साचा आणि हत्यारांवर केलेला खर्च त्याला सहजी भरून निघण्याजोगा नव्हता. तात्पर्य, ‘परवडते का?’ या प्रश्नाचे उत्तर बारांच्या संख्येत दडलेले आहे.

७/
सैन्याचा अनुभवही बोलका आहे. १८७० च्या दशकातील अमेरिकी लष्करी काडतुसे तांब्याची, आतून टोपी बसवलेली, म्हणून पुन्हा न भरता येणारी होती. सरावासाठी मिळत तीही मोजकीच. १८८० च्या दशकात पुन्हा भरता येणारी काडतुसे आली आणि सराव स्वस्त झाला. येथे बचतीतून कौशल्य वाढले.

८/
मात्र ‘स्वावलंबन’ हा शब्द जपून वापरावा. दारू डेलावेअरच्या ड्यूपाँट कारखान्यासारख्या ठिकाणांहून येई, टोप्या कनेक्टिकटच्या कारखान्यांतून, आणि हा माल आणणारी रेल्वे १८७२ मध्ये डॉज सिटीला पोहोचली होती. शिकारी शेवटची जुळणी तेवढी करत होता. त्याच्या शेकोटीमागे एक संपूर्ण औद्योगिक व्यवस्था उभी होती.

९/
आणि त्या हिशेबात न धरलेला खर्चही होता. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांना उपयोगी चामडे बनू लागले. कातड्याला एक ते तीन डॉलर मिळत असताना बार जितका स्वस्त, तितकी कत्तल किफायतशीर. संहाराचे हे एकमेव कारण नव्हे. मागणी आणि रेल्वे यांचा वाटा मोठा. पण स्वस्त काडतुसाने तो धंदा अधिक नफ्याचा केला, हे नाकारता येत नाही.

१०/
२७ जून १८७४ रोजी कोमांची, कायोवा आणि शायान योद्ध्यांनी टेक्ससमधील ॲडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या व्यापारी ठाण्यावर हल्ला केला. आपले अन्न, वस्त्र आणि निवारा कोण संपवत आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ठाण्यात दारूगोळ्याचा भरपूर साठा होता; हल्ला परतवला गेला. १८७५ मध्ये क्वाना पार्करच्या कोमांचींनी शरणागती पत्करली. १८८९ च्या विल्यम हॉर्नाडे यांच्या गणनेत, एकेकाळी कोट्यवधींनी असलेले बायसन जेमतेम हजाराच्या घरात उरले होते.

११/
तेव्हा निवाडा असा : शिकाऱ्याच्या वहीत हा उद्योग निःसंशय फायद्याचा होता. त्याच्या काटकसरीचे कौतुक करण्यास हरकत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्या एकाच वहीवर थांबू नये. बारामागे वाचलेल्या सेंटांची नोंद तिच्यात सापडेल; ज्यांचे कळप संपले, त्या कोमांची कुटुंबांचे नुकसान तिच्यात कुठेच लिहिलेले नाही.

(समाप्त)